मास्तरीणबाईंचं न बदललेलं माप

डॉक्टरांच्या काट्यावरून खाली उतरत मास्तरीणबाई म्हणाल्या, "हा काटा बिघडलाय."

"काटा परवाच आलाय, मावशी," डॉक्टर म्हणाले. "नवा कोरा आहे."

"तेच म्हणतेय मी. नवा आहे, त्याला माझी काय ओळख. माझं माप लग्नापासून बदललेलं नाही. विश्वास नसेल तर यांना विचारा. हे शिंपी आहेत."

डॉक्टरांनी आणि लेकीनं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर भिंतीवरच्या सांगाड्याच्या चित्रात रमले होते. "नाही बदललं," ते चित्राला म्हणाले.

डॉक्टरांनी वाद घातला नाही. वजन उतरलं नाही तर गुडघे फार दिवस साथ देणार नाहीत आणि मग जिना बंद, एवढंच त्यांनी सांगितलं. मास्तरांचं घर असं की खाली दुकान आणि वर बिऱ्हाड. जिना बंद म्हणजे बाजार बंद. भाजी दुसऱ्या कुणीतरी निवडून आणायची आणि आपण ती मुकाट्यानं चिरायची, ही कल्पनाच मास्तरीणबाईंना सहन होण्यासारखी नव्हती. 

माप बदललं नाही, ही काही नुसती बढाई नव्हती. त्यांच्याजवळ पुरावा होता. लग्न झालं त्या वर्षी मास्तरांनी त्यांना तीन झगे शिवले होते, एक राखाडी, एक हिरवा आणि एक निळा. कापड असं की हल्ली बघायलाही मिळत नाही, धुऊन धुऊन मऊ होणारं पण विरणार नाही असं. तेच तीन झगे त्या आजही आलटून पालटून घालत होत्या. लेकीचं लग्न होऊन ती दुसऱ्या घरी नांदायला लागली, तरी आईच्या अंगावर झगा तोच आणि बसायचाही तसाच. अशा बाईनं परवा आलेल्या काट्यावर का म्हणून विश्वास ठेवावा?

खरी गोष्ट फक्त मास्तरांना ठाऊक होती.

लेक दोनेक वर्षांची असताना एकदा मास्तरीणबाईंच्या हिरव्या झग्याची पाठीची बटणं लागेनात. त्या पलंगाच्या कडेला झगा मांडीवर घेऊन बसल्या आणि बटणांवरून बोट फिरवत राहिल्या. डोळे भरले होते. मास्तर दारातून बघत होते. तेव्हा मास्तरही तरुण होते आणि बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं की त्यांना काही सुचेनासं व्हायचं. एकच गोष्ट सुचायची, ती म्हणजे कात्री. दुपारी बाई झोपल्यावर त्यांनी झगा खाली दुकानात नेला, दोन्ही बाजूंची शिवण उसवली आणि आत सोडलेल्या जादा कापडातून एक बोटभर रुंदी मोकळी करून पुन्हा शिवून टाकली. संध्याकाळी झगा सरळ अंगात गेला. "दुपारी उगाच घाबरले," बाई म्हणाल्या, "तेव्हा नुकतीच जेवले होते." आणि त्या गुणगुणत स्वयंपाकाला लागल्या. त्या दिवशी त्यांनी भरलेली वांगी केली होती. मास्तरांना ती चव अजून आठवते.

मग तो शिरस्ताच पडला. बटण जरा ताणलं की मास्तरांच्या डोळ्याला टोचायचं, आणि पुढच्या दुपारी झगा गुपचूप एक बोट मोठा व्हायचा. आतलं कापड संपलं तेव्हा मास्तरांनी जपून ठेवलेल्या ताग्याच्या तुकड्यांतून बगलेखाली पट्ट्या जोडल्या, त्याही अशा की शिंप्यालाच दिसाव्यात. बाईंनी आयुष्यात सुई हातात धरली नव्हती, जशी मास्तरांनी कधी पळी धरली नव्हती. खालचं राज्य यांचं, वरचं त्यांचं, आणि कुणी कुणाच्या कारभारात डोकावत नसे.

आणि वरचं राज्य काय होतं म्हणता. ते दिवसच वेगळे होते. लोक कपडे शिवून घ्यायचे, आणि माप द्यायला नेमके जेवणाच्या वेळी यायचे. वरून भाजलेल्या कांद्याचा वास जिन्यावरून उतरायचा, गिऱ्हाईक हात वर करून उभ्या उभ्या विचारायचं, "मास्तर, आज काय आहे हो वर?" निम्म्या लोकांना मास्तर जेवायला वर पाठवायचे. नव्या कोटाला लसणाचा वास येतो अशी तक्रार घेऊन एकजण आला होता, तोही दोन वाट्या मटारचं सूप पिऊन आणि कोट तसाच घेऊन गेला. मास्तरीणबाई पळीनं चव बघायच्या. थेंब तळहातावर घेऊन नव्हे, चांगली भरलेली पळी. मीठ बघायला एक, शिजलंय का बघायला एक, आणि छान झालंय म्हणून एक. जेवायला बसायच्या आधीच त्या अर्ध्या जेवलेल्या असायच्या.

दवाखान्यातून आल्यावर लेकीनं बैठक बोलावली. ती औषधांच्या दुकानात कामाला होती आणि त्यामुळे घरातल्या सगळ्यांच्या तब्येतीवर आपला ताबा आहे असं तिला वाटायचं.

"आई, एक बाई उकडलेल्या जेवणाचे डबे पोचवते. बिनतेलाचं, बिनमिठाचं. तू चुलीजवळ जायचंच नाही. तू चुलीजवळ गेलीस की खाणार."

"मी चव सोडणार नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वजन सोडीन."

"दोन्ही एकदम होत नसतं."

"महिनाभर थांब. मी रांधीन, मी खाईन आणि बारीकही होईन. नाही झाले तर आण तुझे डबे. मग मी पळीला हात लावणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते."

 बाई एकदा बोलल्या की बोलल्या.

"आणि बारीक झालीस ते कळणार कसं? काट्यावर तर तुझा विश्वास नाही."

"झगा सैल झाला की कळेल. माझा झगा माझ्याशी खोटं बोलणार नाही."

मास्तर उठून खिडकी बंद करायला गेले. खिडकी बंदच होती.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरीणबाईंनी कंबर कसली. खरं सांगायचं तर इतकी मजा त्यांना कित्येक वर्षांत आली नव्हती. वांगी तळायच्या ऐवजी त्या निखाऱ्यावर भाजू लागल्या आणि वर नुसता लसूण न् लिंबू. तेलाची बाटली त्यांनी वरच्या फळीवर ठेवली, म्हणजे काढायचा कंटाळा यावा. कांदा अगदी मंद आचेवर इतका वेळ परतायचा की तो स्वतःच्याच रसात गोड व्हावा. भोपळ्याच्या सूपमध्ये साय घालायची सवय सोडून त्यांनी त्यात भाजलेला टोमॅटो घालून पाहिला, आणि साय आजवर कशाला घालत होतो असा त्यांना प्रश्न पडला. पळीची जागा मिठाच्या चिमुकल्या चमच्यानं घेतली. लेकीच्या लहानपणच्या छोट्या ताटल्या माळ्यावरून खाली आल्या. त्यात जेवण भरगच्च दिसायचं, आणि जेवताना लेक लहान असतानाच्या गोष्टीही निघायच्या. "या निळ्या ताटलीत तिनं गाजरं लपवली होती, आठवतं?" बाई विचारायच्या. मास्तरांना आठवायचं.

एकच अडचण होती. पातेल्याचा अंदाज काही कमी होईना. इतक्या वर्षांचा हात, तो गिऱ्हाइकांसकट सगळ्यांचं मापच धरायचा. मग उरलेलं कोण संपवणार? अन्न टाकायचं नाही हा बाईंचा नियम होता आणि मास्तर नियमाला पक्के होते. शिवाय त्यांची ताटली जुनी, मोठीच होती.

आठवडा झाला आणि मास्तरांना राखाडी झगा खटकला. खांद्यावरून उतरत होता, कमरेशी चुणी पडत होती. खरं म्हणजे इथं आनंद व्हायला हवा होता. पण मास्तर आधी शिंपी होते. बायकोच्या अंगावर ढगळ कपडा, तो घालून ती बाजारात जाणार, आणि लोक म्हणणार की मास्तरांचा हात गेला. दुपारी बाई झोपल्या तेव्हा मास्तरांनी झगा खाली नेला आणि दोन्ही बाजूंनी एक बोट आत घेतला. मग हिरवा घेतला, मग निळा. हात इतक्या वर्षांचा, डोक्याला विचारायला थांबला नाही. झाल्यावर झगा दूर धरून त्यांनी बघितला आणि समाधानानं मान डोलावली.

रविवारी बाईंनी आरशासमोर उभं राहून कमरेत बोट घालून पाहिलं. बोट जाईना.

"हा आठवडा पहिलाच आहे," त्या म्हणाल्या आणि पावाचा तुकडा निम्मा केला.

दुसऱ्या आठवड्यात झगा पुन्हा ढगळ झाला, मास्तरांनी पुन्हा आत घेतला. रविवारी पुन्हा बोट जाईना. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी लोणी बंद केलं, संध्याकाळी बाजाराला लांबच्या रस्त्यानं जायला सुरुवात केली. झगा आणखी ढगळ झाला. मास्तरांनी आणखी आत घेतला, आणि या वेळी मनात म्हणालेही, हल्ली ही शिवण फार लवकर सुटायला लागलीय, दोरा बदलायला हवा.

चौथ्या आठवड्यातही तेच झालं, आणि महिना संपता संपता बाईंचं गुणगुणणं थांबलं. सूपमध्ये एकदा मीठच नव्हतं. लेक आली तेव्हा त्या खुर्चीत बसून होत्या.

"आई, चेहरा उतरलेला दिसतोय तुझा."

"चेहरा काय, काळजीनंही उतरतो. झगा बघ, तस्साच्या तस्सा. तू म्हणालीस तेच खरं. आण तुझे डबे."

त्यांनी पळी खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मास्तरांनी ते दार दिवसा बंद झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन डबे आले. एकात उकडलेला कोबी होता, दुसऱ्यातही उकडलेला कोबी होता. दोघं समोरासमोर बसले.

"वाईट याचं वाटतं," बाई कोबीकडे बघत म्हणाल्या, "की मी मनापासून केलं होतं. एवढं करून झगा एक बोट तरी सैल व्हायला हवा होता. एकच बोट."

मास्तरांचा घास तोंडातच राहिला. एक बोट. पहिल्या आठवड्यातलं एक, दुसऱ्यातलं एक, त्यानंतरचं एक आणि परवाचं एक. कोबी गिळायला त्यांना पाणी प्यावं लागलं.

जेवण होताच ते समोरच्या घड्याळवाल्याकडे गेले. घड्याळवाला त्यांचा जुना दोस्त होता. तो दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचा आणि त्यामुळे आपल्याला सगळं बारकाईनं दिसतं असं समजायचा.

"मग सांगून टाक की तिला," घड्याळवाला म्हणाला.

"काय सांगू? आत घेतले म्हणून सांगितलं की विचारेल, म्हणजे तुम्ही माझे झगे उसवता? कधीपासून? मग?"

घड्याळवाल्यानं भिंग काढलं. "हां. मग अवघड आहे."

"तिला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान आहे रे. तेवढं काढून घेऊ होय मी?"

"मग काढू नकोस. या महिन्यात आत घेतलंस ना, ते सगळं सोडून दे. झगा सैल होईल, वहिनी खूश होतील, पळी खाली येईल. कुणाला काय कळतंय."

मास्तरांना हे पटलं. त्यांना दुसरं काही पटण्यासारखं सुचलंही नव्हतं. त्याच दुपारी त्यांनी तिन्ही झगे उसवून महिन्याचा सगळा हिशोब मोकळा केला, इस्त्री मारली आणि जागच्या जागी टांगून ठेवले. बाई त्या संध्याकाळी पलंगावरून उठल्याच नाहीत.

सकाळी मास्तरीणबाईंनी निळा झगा घातला आणि आतल्या खोलीतून हाक आली. "अहो."

मास्तर हसू दाबत आत गेले. बाई आरशासमोर उभ्या होत्या. झगा खांद्यावरून ओघळत होता आणि त्यांनी कमरेशी तो मुठीत धरला होता. चेहऱ्यावर आधी आनंद दिसला, मग तो हळूहळू पुसला गेला.

"काल दुपारपर्यंत घट्ट होता," त्या म्हणाल्या. "एका रात्रीत असं कसं होईल?"

मास्तरांनी याचा विचार केला नव्हता. घड्याळवाल्यानंही केला नव्हता. "कोबी," ते म्हणाले. त्यांना तेवढंच आठवलं.

"एका डब्यात?"

बाईंनी हिरवा घालून बघितला, राखाडी घालून बघितला. तिन्ही तसेच, चार बोटं सैल. त्या पलंगावर बसल्या. खालच्या दुकानात एक बाई पडदे शिवायला टाकायला आल्या होत्या, त्यांच्या कानावर हे गेलं, आणि दुपारच्या आत त्या रस्त्यावरच्या पाच घरांतून डबेवालीला निरोप गेले. एका डब्यात चार बोटं, अशी बातमी पसरली होती. लेक मात्र धावत आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. औषधांच्या दुकानात काम केल्यानं तिला असं वजन उतरण्याची फार वाईट कारणं माहीत होती.

"आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे," ती म्हणाली.

दवाखान्यात बाई मुकाट्यानं काट्यावर चढल्या. डॉक्टरांनी जुना कागद काढला, आकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "वा, मावशी. महिन्याभरात हे फारच छान उतरलंय."

"महिन्याभरात नाही. काल रात्रीत."

"असं होत नाही."

"झालंय. झगा बघा."

डॉक्टरांनी झगा बघितला आणि त्यांचाही चेहरा गंभीर झाला. ते तपासण्या लिहायला लागले. एक लिहिली, दुसरी लिहिली, तिसरी लिहिताना थांबून लेकीकडे बघितलं. मास्तरीणबाईंनी लेकीचा हात हातात घेतला.

"हे बघ," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भोपळ्याच्या सूपला टोमॅटो आधी भाजून घ्यायचा, साल काढायची नाही. यांना कांदा करपलेला चालत नाही, पण कच्चाही चालत नाही. समोर उभं राहावं लागतं. तू कंटाळा करतेस. आणि पाव शिळा झाला तर टाकू नको, सूपवर भाजून घाल, यांना तो ताज्यापेक्षा आवडतो."

"आई, काय बोलतेयस."

"सांगून ठेवते. मी लिहून काहीच ठेवलेलं नाही."

मास्तरांना ते ऐकवेना. सांगाड्याच्या चित्राकडे बघूनही भागेना. ते उठून उभे राहिले. "रात्रीत काही झालेलं नाही," ते म्हणाले. "दुपारी झालंय. मी उसवले. चारही बोटं मीच सोडली."

 डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"सोडली म्हणजे?" बाईंनी विचारलं. "मुळात आत होती कशी?"

"दर आठवड्याला घेत गेलो. ढगळ दिसत होतं."

"म्हणजे मी बारीक होत होते?"

"होय. पहिल्या आठवड्यापासून."

लेकीनं कपाळावर हात मारला. बाईंच्या चेहऱ्यावर आनंद पुन्हा उगवायला लागला होता, पण मधेच त्या थबकल्या. त्यांनी झग्याची कड उलटी केली आणि बाजूची शिवण डोळ्यांजवळ नेली. सुई कधी धरली नव्हती तरी डोळे होते. जुन्या टाक्यांची भोकं ओळीला ओळ लागून पार पट्टीपर्यंत गेली होती. पट्टीवरही होती. बाईंनी त्यांवरून बोट फिरवलं. मास्तरांना वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

"चला घरी," बाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी तपासण्यांचा कागद फाडला आणि निघताना मास्तरांना म्हणाले, "तुम्हीही एकदा काट्यावर या ना." मास्तरांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि दार उघडून धरलं.

घरी आल्यावर लेकीनं डबेवालीला नको म्हणून कळवलं. त्या दिवशीचे दोन डबे तरीही येऊन पडले होते, ते मास्तरांनी सल्ल्याबद्दल घड्याळवाल्याकडे पोचते केले. बाई वर गेल्या. मास्तर खाली मशीनपाशी बसून राहिले. भांड्याचा आवाज येईना. शेवटी पायऱ्यांवर पावलं वाजली. बाई एकेक पायरी उतरून आल्या आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या.

"इतकी वर्षं मी जाड होत होते, ते तुम्हाला दिसत होतं?"

मास्तरांनी खडूचा तुकडा उचलला आणि परत ठेवला. "खरं सांगू? जाड झालीस असं मला कधी दिसलंच नाही. कापड कमी पडलंय, असंच दिसायचं."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचे डोळे भरून आले, आणि मास्तरांचा हात सवयीनं कात्रीकडे गेला.

"ठेवा ती खाली," बाई म्हणाल्या आणि हसल्या. "आता घ्या आत, पण माझ्यासमोर. अंगावर असताना. आणि वजन मी अजून उतरवणार आहे. पळी काढलीय खिळ्यावरून."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी लगबगीनं टाचण्या घेतल्या.

"थांबा," बाई म्हणाल्या. "आधी तुम्ही उभे राहा."

"मी कशाला?"

"महिनाभर पातेली कुणी पुसून खाल्ली? हात वर करा."

मास्तरांच्या गळ्यातली टेप बाईंनी काढली. कपडे मोजायची टेप त्यांनी पहिल्यांदाच हातात धरली होती, तीही उलटी. ती सुलटी करून त्यांनी मास्तरांच्या पोटाभोवती घातली. मास्तरांनी श्वास आत ओढला.

"सोडा तो. कुणाला फसवताय."

मास्तरांनी श्वास सोडला. टेपचं टोक बेंबीपाशी जुळलं. आकडा वाचायला मास्तरांना वाकायची गरज नव्हती. नुसत्या ताणावरून इंच सांगणारा माणूस तो, आपलं पोट कुठं जाऊन पोचलंय ते त्यांना पक्कं कळलं.

बाईंनी टेपवर नीट वाकून पाहिलं. मग वर पाहून त्यांनी आकडा सांगितला. तो चांगला दोन इंचांनी कमी होता.

मास्तरांनी तो दुरुस्त केला नाही.  बाईंनी टेप गुंडाळून मास्तरांच्या गळ्यात अडकवली, आणि त्या जिना चढून वर गेल्या. थोड्या वेळानं भाजलेल्या कांद्याचा वास खाली आला, हाक आली, मास्तर हात धुऊन पानावर बसले. समोर त्यांची मोठी ताटली नव्हती. गाजरं लपवायची ती छोटी निळी ताटली होती, आणि बाई तीत दोन पळ्यांच्या जागी एकच पळी वाढत होत्या.